केट मॉलेसन : आवाजाच्या आतला आवाज

दक्षिणवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण जिच्याबद्दल सांगायचंय तिच्याविषयी मराठीत बोलायला इथे एडिंबरात मला कुणी नाही.

शनिवारी रात्री भांडी घासताना मी रेडिओ लावते. बीबीसीच्या रेडिओ ३ वर नव्या संगीताचा कार्यक्रम असतो, तिथे केट मॉलेसन यांचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला. पहिल्या महिन्यात मी दोनदा रेडिओ बंद केला. एकदा तर वाटलं, स्टेशनच नीट लागलेलं नाही. तिसऱ्यांदा बंद करायला गेले आणि ओले हात घेऊन तशीच उभी राहिले. नुकत्याच वाजून गेलेल्या तुकड्याबद्दल ही बाई अशी बोलत होती, जशी कोकणातली माझी मावशी फणसाबद्दल बोलते. कापा होता की बरका, गरा केवढा, चीक कुठे लागला. सिद्धांत नाही, दडपण नाही. काय ऐकलं, ते कसं बनलं आणि कुणी बनवलं, एवढंच.

मॉलेसन स्कॉटलंडच्या. 'गार्डियन' आणि 'हेरल्ड' या वर्तमानपत्रांसाठी त्यांनी अनेक वर्षं संगीतसमीक्षा लिहिली. रेडिओ ३ वरचा 'कंपोझर ऑफ द वीक' हा कार्यक्रम १९४३ पासून चालू आहे, अलीकडे त्याच्या निवेदनातही त्या असतात. पण हा धागा त्यांच्या पुस्तकासाठी काढलाय. 'साउंड विदिन साउंड', फेबर प्रकाशन, २०२२. विसाव्या शतकातले दहा संगीतकार त्यात आहेत, आणि पाश्चात्त्य संगीताच्या नेहमीच्या इतिहासात ज्यांना पानाच्या तळाशी जागा मिळते किंवा मिळतच नाही, अशीच ही माणसं आहेत. त्यांतली काही नावं : मेक्सिकोचे हुलियान कारिय्यो, फिलिपिन्सचे होसे मासेदा, ब्राझीलमध्ये जाऊन राहिलेले स्विस वॉल्टर स्मेटाक, रशियाच्या गालिना उस्तवोल्स्काया, शिकागोचे मुहाल रिचर्ड एब्रम्स, फ्रान्सच्या एलियान रादिग, अमेरिकेच्या रूथ क्रॉफर्ड सीगर, न्यूझीलंडच्या अ‍ॅनिया लॉकवूड. आणि इथिओपियाच्या एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. मला या पुस्तकापर्यंत नेलं ते एमाहोयनी.

२०१७ मध्ये मॉलेसननी रेडिओ ४ साठी एमाहोयवर एक डॉक्युमेंटरी केली होती. त्यासाठी त्या जेरुसलेमच्या इथिओपियन मठात जाऊन त्यांना भेटल्या. एमाहोय तेव्हा त्र्याण्णव वर्षांच्या. लहानशी खोली, खोलीत पियानो. त्यांचा जन्म १९२३ चा, अदिस अबाबातल्या बड्या घरात. सहा वर्षांच्या असताना त्यांना स्वित्झर्लंडला शाळेत घातलं, तिथे व्हायोलिन हाती आलं. १९३७ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने सगळ्या कुटुंबाला असिनारा बेटावर बंदी करून नेलं. युद्धानंतर कैरोला जाऊन एका पोलिश उस्तादाकडे शिकल्या. पुढे लंडनला शिकायला जायची संधी आली, पण परवानगी नाकारली गेली. त्या मुलीने अन्न सोडलं आणि एकविसाव्या वर्षी डोंगरावरच्या मठात जाऊन संन्यास घेतला. मठात दहा वर्षं अनवाणी. १९६७ मध्ये जर्मनीत त्यांची पहिली तबकडी निघाली, ती कशासाठी? तर गरीब आणि अनाथ मुलांसाठी पैसे उभे करायला. २०२३ च्या मार्चमध्ये त्या गेल्या, शंभरी नऊ महिन्यांवर आली होती.

त्यांचा पियानो मी शब्दांत कसा सांगू? डावा हात पाश्चात्त्य नाचाच्या ठेक्यासारखा हळू झुलत राहतो आणि उजवा त्यावर इथिओपियन चर्चमधल्या पठणासारखा चालतो. मुरकत, थांबत, एका सुराला वळसा घालून परत येत. ताल आहे, पण श्वास घेतल्यावर पोट हलतं तसा हलणारा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आजीची पहाटेची ओवी आठवली. सूर मुळीच तसे नाहीत. तरी आठवली.

मॉलेसन लेख लिहितात, रेडिओवर बोलतात, पुस्तक लिहितात, आणि २०२४ मध्ये लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये त्या पुस्तकाच्याच नावाचा महोत्सवही झाला. मला ही सगळी एकाच कामाची रूपं वाटतात. ज्याचं ऐकायचं राहून गेलं त्याच्या दारात जायचं, ऐकायचं, आणि परत येऊन इतरांना हात धरून तिथवर न्यायचं. आपल्यापैकी कुणी ऐकलंय किंवा वाचलंय का? नसेल तर या दहा जणांपैकी कुणापासूनही सुरुवात करा आणि इथे लिहा. मला खरंच हवंय.

---

अबोली

किती सुंदर लिहिलंय! एमाहोय आत्ता लावलंय. स्वयंपाक थांबलाय. सविस्तर नंतर लिहिते.

---

मंद्रषड्ज

धाग्याबद्दल आभार. मी कारिय्योपासून सुरुवात केली, कारण त्यांचं नाव हार्मोनियमच्या ट्युनिंगवर वाचताना आधी आलं होतं.

त्यांची कथा आपल्या माणसाला पटकन कळेल. विद्यार्थी असताना, १८९५ च्या सुमारास, व्हायोलिनच्या तारेवर ते एका स्वराच्या अंतराचे सोळा भाग करून बघत होते. पाश्चात्त्य सप्तकात बारा स्वर, म्हणून याला त्यांनी नाव दिलं 'तेरावा ध्वनी'. पुढचं सगळं आयुष्य या तेराव्यामागे. त्यासाठी वेगळी लिपी केली, वेगळी वाद्यं करवून घेतली. प्रत्येकाची स्वरांतरं वेगळी असे पंधरा पियानो बनवून घेतले आणि ते १९५८ च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात मांडले.

आपल्याकडे बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, शतकानुशतकं वाद चाललाय. पण फरक बघा. कारिय्यो मोजून भाग करतात. आपल्याकडे दरबारीचा गंधार किती उतरलेला असावा हे गुरू गाऊन दाखवतो, आणि तोही जागेवर उभा नसतो, आंदोलत असतो. त्यामुळे ऐकताना मला पहिली दहा मिनिटं त्रास झाला. सूर बारीक आहेत, पण त्यांच्यात ये-जा नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही. मग लक्षात आलं, मी त्यात राग शोधत होतो. शोधणं सोडलं तेव्हा ते पाण्यावरच्या तवंगासारखं दिसायला लागलं, रंगातून रंग निघत जाणारं. पुन्हा ऐकेन.

---

पायवाट

एक स्पष्ट मत मांडतो, राग नसावा.

यादीतलं एक नाव, अ‍ॅनिया लॉकवूड, शोधलं. पहिलीच माहिती मिळाली ती 'पियानो बर्निंग'ची, लंडन, १९६८. पियानोला आग लावायची आणि तो जळताना जे आवाज होतात ते ऐकायचे. हे वाचून मी थांबलोच. आमच्या घरी दसऱ्याला पेटी आणि तबल्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं. वाद्याला चुकून पाय लागला तर आजही हात आपोआप कपाळाला जातो. वडिलांची पेटी माळ्यावर आहे, भाता फाटलाय, वाजत नाही, तरी मी ती टाकणार नाही. वाद्य जाळण्याला संगीत म्हणायचं असेल तर ते संगीत माझं नव्हे. आणि रेडिओवर बसून कुणी हे प्रेमाने समजावून सांगितलं म्हणून ते बदलत नाही.

---

दक्षिणवारा

पायवाट, राग कसला. तुमची माळ्यावरची पेटी डोळ्यांसमोर आली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जाळायचा पियानो दुरुस्तीपलीकडे गेलेलाच असला पाहिजे, ही लॉकवूड यांची अटच आहे. त्या काळी लंडनमध्ये जुने, कुजलेले पियानो ढिगाने टाकून दिले जात होते. मी ध्वनिमुद्रण ऐकलं. तारा तापून एकेक सुटते तेव्हा खालून एक लांब हुंकार येतो. मला त्यात तोडफोड ऐकू आली नाही. अंत्यसंस्कार ऐकू आला. तुमचा नमस्कार आणि हा अग्नी फार लांबचे नसावेत असं मला वाटतं, पण तुम्हाला तसं वाटायलाच हवं असा आग्रह नाही.

त्यांचं दुसरं काम ऐकाल का? १९८२ चा हडसन नदीचा ध्वनिनकाशा. डोंगरातल्या उगमापासून समुद्रापर्यंत ठिकठिकाणी पाण्याचा आवाज टिपलाय. पुढे डॅन्यूबचाही केला. पाणी दगडावरून जाताना, दगडाखालून जाताना, गाळातून जाताना, प्रत्येक वेळी वेगळं बोलतं. तुमचं सदस्यनाव 'पायवाट' आहे म्हणून मुद्दाम सांगते आहे.

---

पायवाट

नदीचं ऐकतो. पियानोबद्दलचं मत तसंच आहे.

---

जुना_मर्फी

मी सत्तरीचा आहे. गिरणगावात वाढलो, त्यामुळे माझा प्रतिसाद रेडिओबद्दलच असणार.

धागाकर्तीने होसे मासेदा यांचं फक्त नाव घेतलंय. माझ्या मते या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांची आहे. हे गृहस्थ मनिलाचे, जन्म १९१७. पॅरिसला जाऊन पियानो शिकले, मैफली केल्या. मग त्यांना प्रश्न पडला की नारळ आणि भाताच्या या मुलखात मी हे परकं वाद्य का वाजवतोय? ते खेड्यापाड्यांत गेले, डोंगरातल्या लोकांचे घंटानाद आणि बांबूची वाद्यं यांचं ध्वनिमुद्रण करत वर्षानुवर्षं हिंडले. आणि त्या वाद्यांसाठी नवं संगीत लिहिलं.

१ जानेवारी १९७४ ला त्यांनी 'उगनायान' केलं. रचनेचे २० वेगवेगळे भाग ध्वनिमुद्रित केलेले, आणि शहरातली रेडिओ केंद्रं एकाच वेळी प्रत्येकी एकेक भाग प्रक्षेपित करणार. एकूण ५१ मिनिटं. लोकांनी आपापले ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात, चौकात, बागेत यायचं, कुणी हे केंद्र लावायचं, कुणी ते. एका रेडिओवर रचना पूर्ण ऐकूच येत नाही. माणसं जमली, चालली, एकमेकांजवळ आली, की मग ती हवेत तयार होते.

आता आमच्या चाळीचं सांगतो. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला लागायची. रेडिओ सिलोन, लघुलहरी, आवाज लाटेसारखा वर-खाली. आमच्या मजल्यावर सोळा खोल्या, रेडिओ असतील सात-आठ. मी जिन्यापासून नळापर्यंत बादली घेऊन जायचो तेव्हा गाणं एकाही दारात तुटायचं नाही. पण प्रत्येक दारातून ते वेगळं यायचं. एकाचा सेट जुना, त्यात खर्ज जास्त. दुसऱ्याची एरियल वाकडी, तिथे खरखर. तिसऱ्याकडे कढईत फोडणी पडलेली. मी बादली घेऊन मुद्दाम सावकाश चालायचो. आई ओरडायची. आज कळतं की मी काय ऐकत होतो. तेच गाणं, पण सबंध मजला मिळून वाजवत असलेलं.

मासेदांनी ते जाणीवपूर्वक केलं. आमच्याकडे सगळ्यांच्या रेडिओवर एकच गाणं असायचं, त्यांच्याकडे प्रत्येकाच्या हातात वेगळा तुकडा होता. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसलो.

एक खटकणारी बाजूही लिहिली पाहिजे. तेव्हा तिथे मार्शल लॉ होता, आणि इतकी केंद्रं एकदम मिळाली ती इमेल्डा मार्कोस यांच्या पाठिंब्यामुळे. लोकांच्या हातात संगीत द्यायचं स्वप्न, आणि ते पुरं झालं हुकूमशाहीच्या मदतीने. आणीबाणीत ज्यांनी रेडिओ ऐकलाय त्यांना हे बोचेल. मला बोचलं.

---

अबोली

मर्फीकाका, बादली घेऊन सावकाश चालणारा मुलगा मला दिसला. हे वेगळं लिहून काढा ना, प्लीज.

---

तरफ

सगळे कौतुक करताहेत, पण मला एक प्रश्न पडलाय. दहा जणांत भारतातलं एकही नाव नाही. मेक्सिको आहे, फिलिपिन्स आहे, इथिओपिया आहे. आपण कुठे? जगाला कान उघडायला सांगणाऱ्या पुस्तकात आपलं इतकं मोठं संगीत बसू नये?

---

मंद्रषड्ज

तरफ, मलाही आधी हेच वाटलं. मग विचार केला की त्यांनी घ्यायचं तरी कुणाला? पुस्तक 'कंपोझर'बद्दल आहे, आणि तो शब्द आपल्याकडे कुणाला लावायचा हेच धड ठरत नाही. बंदिश बांधणारा आपलं नाव मुद्रेत, म्हणजे बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावात, लपवतो. सदारंग, प्रेमपिया, गुणिदास. जगन्नाथबुवा पुरोहितांची 'गुणिदास' मुद्रा असलेली बंदिश गाणारे कितीतरी, पण ती दर मैफलीत नव्याने घडते. मग रचनाकार कोण? बांधणारा की मांडणारा? कुमारजींनी (कुमार गंधर्वांनी) १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' काढलं, त्यात स्वतःच्या बंदिशी लिपीसकट दिल्या. पण ते पुस्तक बघून कुणी कुमारजींसारखं गाईल का?

दहांत आपल्या सर्वांत जवळची कोण असेल तर एलियान रादिग. त्यांनी अनेक दशकं एकाच सिंथेसायझरवर काम केलं, टेप तपासत, एकटीने. आवाज इतका हळू बदलतो की बदलला कधी ते कळत नाही. मधल्या काळात तिबेटी बौद्ध साधनेत गेल्या. आणि उतारवयात त्यांनी यंत्र सोडलं. वादक त्यांच्या घरी येतो, समोर बसतो, त्या तोंडी सांगतात, तो वाजवतो, त्या पुन्हा सांगतात. कागदावर काहीही नाही. एक वादक ती रचना शिकतो आणि मग ती त्याची होते. पॅरिसमधल्या घरात हे चाललं होतं! याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको.

---

तरफ

हे पटलं. रादिग यांचं तोंडी शिकवणं मला माहीत नव्हतं.

तरी माझा मुद्दा पुरता सुटत नाही. त्यांनी आपल्याकडचं घेतलं नाही, ठीक. पण आपण तरी लिहितो का असं? केशवराव भोळे 'एकलव्य' नावाने लिहायचे, चित्रपटांना संगीत द्यायचे, आकाशवाणीवर काम करायचे, आणि समोर बसून ऐकलेल्या गाण्याचं वर्णन असं करायचे की गवई दिसावा. लेखणी आणि रेडिओ एकाच माणसाच्या हातात. ती परंपरा आपलीच आहे. मग आज भजनी मंडळातल्या पखवाजियाकडे, तमाशाच्या ढोलकीवाल्याकडे, दशावताराच्या पेटीवाल्याकडे जाऊन चार दिवस बसून कोण लिहितंय? मी तक्रार करत नाहीये. मला स्वतःला विचारतो आहे, कारण माझ्या गावात एक संबळवादक आहेत, ऐंशीच्या पुढचे, आणि मी दरवर्षी म्हणतो, पुढच्या जत्रेला मुद्रण करू.

---

दक्षिणवारा

तरफ, पुढच्या जत्रेची वाट बघू नका. फोन तर आहेच. आधी नुसतं ऐका, मग विचारा, मग मुद्रण करा. एमाहोयच्या प्रकरणात मला सगळ्यात आवडलं ते हेच, की मॉलेसन प्रश्नांची यादी पुढे करून उभ्या राहत नाहीत.

---

अबोली

आता सविस्तर.

शोधता शोधता मला ऑस्ट्रेलियाच्या पेगी ग्लॅनव्हिल-हिक्स या संगीतकार सापडल्या, आणि काय निघावं! १९५४ मध्ये अमेरिकेत, लुईव्हिलमध्ये, त्यांचा एक ऑपेरा झाला. दोन मित्र, एक स्त्री, दोघांची मुंडकी तुटतात, देवीच्या वराने परत जोडताना अदलाबदल होते. मग नवरा कोण, धड की डोकं? अहो, ही तर वेताळपंचविशी! थॉमस मान या जर्मन लेखकाने त्यावर लघुकादंबरी लिहिली, तिच्यावरून यांचा ऑपेरा, आणि त्याच कादंबरीवरून गिरीश कर्नाडांचं 'हयवदन'. विजया मेहतांनी मराठीत केलेलं 'हयवदन' माझ्या आईने पाहिलंय, ती अजून सांगते. ऑपेरात भारतीय लोकसंगीतातले सूर घेतलेत. तरफ, तुम्ही विचारलंत ना आपण कुठे? विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत जगभर फिरून पार लुईव्हिलपर्यंत पोचलंय.

ग्लॅनव्हिल-हिक्स स्वतः न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहीत. म्हणजे मॉलेसनसारख्याच लिहिणाऱ्या बाई.

रूथ क्रॉफर्ड सीगर यांच्यापाशी मात्र मी अडखळले. १९३१ चं त्यांचं स्ट्रिंग क्वार्टेट. तिसऱ्या भागात सूर जवळजवळ हलतच नाहीत, फक्त चार वाद्यांचा जोर आळीपाळीने फुगतो आणि ओसरतो. इतकं पुढचं काम करणारी बाई मग संसार, मुलं, लोकगीतांचं स्वरलेखन यांत गेली. ती गीतं मोलाची होती, मुलांसाठीचं तिचं पुस्तक पिढ्यांनी वापरलं. पण स्वतःची रचना करायला ती परत वळली तेव्हा फार थोडा काळ उरला होता. बावन्नाव्या वर्षी, १९५३ मध्ये, गेली. मी शाळेत बारा वर्षं संगीत शिकवलं आणि स्वतःचा रियाज 'सध्या' म्हणून थांबवला. इतकंच लिहिते.

---

पायवाट

हडसन ऐकली. दोनदा. दुसऱ्या वेळी डोळे मिटून.

आमच्या कोयनेचा आवाज पुलाखाली वेगळा येतो आणि घाटाच्या पायऱ्यांवर वेगळा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते टिपण्यासारखं आहे, हे माहीत नव्हतं.

---

जुना_मर्फी

पायवाट, टिपा. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

---

अबोली

हे आज संध्याकाळचं, राहवलं नाही म्हणून लिहिते.

मंद्रषड्ज यांनी सांगितलं म्हणून रादिग लावलं होतं. आई आतल्या खोलीत पडली होती. ती वयाच्या सतराव्या वर्षापासून गात आली, आता तीन वर्षं गात नाही, तानपुरा गवसणीत आहे. वीसेक मिनिटांनी ती काठी टेकत बाहेर आली आणि विचारलं, "जवारी कोण काढतंय?"

(जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेचा तो गुंजणारा नाद.) मी म्हटलं, कुणी नाही गं, फ्रान्सच्या एका बाईंचं संगीत आहे, यंत्रावरचं. ती खुर्चीत बसली. पुढचा पाऊण तास काही बोलली नाही. मधे एकदा फक्त हात वर केला, मी कूस बदलल्याचा आवाज झाला म्हणून. संपल्यावर म्हणाली, "वरचा गंधार आपोआप ऐकू यायला लागतो बघ, कुणी लावलेला नसताना."

नंतर तिने गवसणी काढायला सांगितली. दोन तारा गंजल्यात. उद्या लक्ष्मी रोडवरून आणायच्या आहेत. जोडीच्या तारा कितव्या नंबरच्या लागतात, कुणी सांगेल का? बायकी तानपुरा आहे, मिरजेचा.

---

मंद्रषड्ज

अबोली, नंबर अंदाजाने सांगत नाही. जुन्या तारेचा तुकडा सोबत न्या, दुकानदार जाडी बघून देईल. आणि जवारीला आधी हात लावू नका. तारा बदलून, लावून, आईंना ऐकू द्या.